चिरेवळ गाव पळालं तेव्हा

"बाई, तुमची मशिनां झाडावरसून काडा. गाव पळतलो!"

सत्याकाकी कुंपणापलीकडून ओरडली तेव्हा मी ओसरीवर चहा गाळत होते आणि हेल्मी पायरीवर बसून केस विंचरत होती. मार्गशीर्षातली सकाळ. धुकं इतकं खाली उतरलं होतं की माडांचे बुंधे दिसतच नव्हते, नुसते शेंडे वर तरंगत होते. त्या धुक्यात काकीचं डोकं तेवढं दिसत होतं, आणि तेही काहीतरी भलतंच बोलत होतं.

"कुठे पळतंय गाव?"

"वेशीभायर. देवान काल कौल दिल्यान. उद्या सांजवेळेक निघाचा. तीन राती थंयच."

"कोण कोण जाणार?"

"कोण कोण म्हंजे? गाव!" घाटावरच्या लोकांना शिकवतात तरी काय, अशा नजरेने काकीने माझ्याकडे पाहिलं. "माणसां, ढोरां, कोंबडी, कुत्रे, माजरां. चूल पेटाची नाय, दिवो लागाचो नाय. सगळा भायर."

एवढं सांगून ती धुक्यात गडप झाली. मी गाळणं हातात धरून तशीच उभी.

मी मूळची फलटणची. नोकरीसाठी कोकणात आले आणि एका विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात चिकटले. चिकटले म्हणजे काय, नेमणूक वर्षाची. दर जूनमध्ये नवं पत्र येईपर्यंत जीव टांगणीला. हेल्मी फिनलंडमधल्या एका विद्यापीठातली प्राध्यापक, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, उंच, कमी बोलणारी. दोघींनी मिळून एक काम हाती घेतलं होतं. इकडे हे चिरेवळ आणि तिकडे तळ्याकाठचं लेहमोला नावाचं खेडं. दोन्ही गावांत झाडांवर सारखीच ध्वनिमुद्रक यंत्रं बांधायची आणि वर्षभर, दिवसरात्र, जे काही कानावर पडेल ते साठवायचं. बेडूक, घुबडं, वटवाघळं, माणसं, सगळं. दिवस आणि रात्र माणसं नि प्राणी आपसांत कशी वाटून घेतात ते बघायचं होतं.

पैसे देणाऱ्या समितीची अट एकच होती: वर्ष अखंड हवं. मध्ये खंड पडला तर मोजमाप बाद. आणि वर्ष पुरं झालं तर दोन्ही विद्यापीठं दहा वर्षांच्या करारावर सह्या करणार, चिरेवळला केंद्र होणार, इकडची मुलं तिकडे, तिकडची इकडे, आणि त्या केंद्रात मला कायमची जागा. वर्षातला शेवटचा महिना तेवढा उरला होता.

काकीचं बोलणं मी हेल्मीला इंग्रजीत सांगितलं. तिचा कंगवा केसांतच थांबला.

"म्हणजे पूर्ण गाव रिकामं? एकही माणूस नाही?"

"मांजरसुद्धा नाही."

"उज्ज्वला," ती हळूच म्हणाली, "माणसांशिवाय गाव कसं वाजतं, हे कोणी कधी ऐकलंय?"

खरंच की! माणसं जातील, यंत्रं राहतील. मागूनही मिळालं नसतं असं घबाड आपल्या पायांनी चालत आलं होतं. देव पावला, असंच वाटलं मला.

देव पावला नव्हता, हे भाऊ घाडींनी दुपारी सांगितलं. भाऊ गावचे मानकरी. देवाला गाऱ्हाणं घालणं, कौल लावणं त्यांच्याकडे. अंगणात बसून ते बाहेरच्या झोपड्यांसाठी माडाची चुडतं, म्हणजे झावळ्या, विणत होते.

"भाऊ, आम्हीपण येतो तुमच्याबरोबर. यंत्रं मात्र राहू देत झाडांवर. ती काही माणसं नाहीत."

"आयकतत ना?"

"हो, ऐकतात."

"मगे ती पन भायर."

"अहो, पण—"

"बाई, गाव देवाचो. आमी ऱ्हवतो त्याच्या मेहेरबानीन. कधीतरी त्याका वाटता, आपलो गाव आपल्याक एकट्याक होयो. घरवाल्यान पाव्हण्याक सांगल्यान, बाबा रे, तीन दीस जरा भायर ऱ्हव, तर पाव्हणो दाराआड कान लावन बसता काय?"

"मग देवालाच विचारा ना. कौल लावा."

"जां माका म्हायत हा, तां देवाक इचारून त्याका कित्याक तरास?"

आता मात्र माझा पारा चढला. "भाऊ, काम सुरू करायच्या आधी मी तुम्हाला विचारलं होतं, वर्षभरात गावात काही विशेष असतं का. तुम्ही म्हणालात, काही नाही!"

"व्हय, सांगलंय."

"मग हे काय आहे?"

भाऊंना खरोखर नवल वाटलं. "ह्यां काय विशेष? गाव काय आज पळता? माझ्या आज्याच्या आज्यापासून पळता."

हेल्मी शेजारी बसून चुडताची एक पात विणायला शिकत होती. तिला मी सगळं सांगितलं. ती पात उलटी विणत राहिली.

सड्यावर गेलं की मोबाईलला रेंज मिळायची. सडा म्हणजे गावाबाहेरचं उघडं कातळाचं पठार. तिथून मी आमचे विभागप्रमुख कर्णिकसरांना फोन लावला.

"अहो भोईटेबाई, मग काढा की सगळी," सर गोड आवाजात म्हणाले. "एक तेवढं राहू द्या. ते फणसावरचं, पानांआड आहे ना? कोण वर चढून बघणार आहे! आणि एक लक्षात घ्या, हा करार विद्यापीठाला हवाय, पण तुम्हाला जास्त हवाय."

खोटं बोलत नव्हते सर. मला तो करार हवा होता. पुढच्या जूनमध्ये पत्राची वाट बघायची नव्हती, आईला दरवर्षी "होईल गं" असं सांगायचं नव्हतं. खाली येऊन मी हेल्मीला म्हटलं, "फणसावरचं ठेवू या. एकाने चालतं ना आपल्याला?"

"चालतं," ती म्हणाली. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी बाकीची यंत्रं उतरवली. सूर्य कलला तसा गाव निघायला लागला. तसलं दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कोणी ओरडत नव्हतं, कोणी घाई करत नव्हतं. घरोघरची चूल विझत होती आणि शेवटचा धूर कौलांमधून निघून झाडांत रेंगाळत होता. गाईंच्या गळ्यातल्या घंटा एकामागून एक पाणंदीने निघाल्या. मांजरं पोत्यांत, तान्ही पोरं पाठुंगळी. अंथरुणाला खिळलेल्या एका आजीला खाटेसकट उचललं होतं, आणि ती खाटेवरून वरातीतल्यासारखी दोन्ही बाजूंना बघत चालली होती. दारं नुसती लोटलेली. कुलूप कोणीच लावलं नाही. माझ्या पायांखालची तीच वाट, तेच दगडी कुंपण, पण कोणाच्या तरी झोपेतून चालल्यासारखं वाटत होतं.

आम्ही फणसाखाली उभ्या होतो. सत्याकाकी टोपली घेऊन आली. टोपलीत पेंढा, पेंढ्यावर खुडूक कोंबडी, तिच्याखाली अंडी. वरून काकीने जुनं लुगडं पांघरलं होतं.

"काकी, अंडी गार पडतील ना?" मी म्हटलं. "पिल्लं कधी निघायची होती?"

"ह्याच आठवड्यात."

"मग कोंबडीला राहू द्या की घरात. दाणापाणी ठेवा."

"मी भायर नि ती भितर? ती काय गावाभायरची हा?"

"आणि पिल्लं मेली तर?"

लुगड्याचा पदर काकीने कोंबडीभोवती आणखी खोचला. "मरतीत काय जगतीत, ता आता तिच्या नशिबात. कोंबडी हा ना? आनी घालीत." पण तिची ती एवढी एकच बसवलेली कोंबडी होती.

हेल्मीने विचारलं म्हणून मी तिला सांगितलं. खंड पडला की उबवण फुकट जाते, हे तिला सांगावं लागलं नाही. तिने लुगड्यावरून टोपलीवर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. मग फणसाला शिडी लावली.

"धर, उज्ज्वला."

"काय करतेस?"

"यंत्र काढते."

मी शिडी धरली नाही. "तुझी नोकरी पक्की आहे, हेल्मी. तू परत जाशील, दुसरं काम घेशील. माझं काय? मला दुसरं गाव नाही, दुसरा करार नाही."

ती दोन पायऱ्या चढली होती, ती उतरली. "माहीत आहे मला. म्हणून तूच सांग. तू 'नको' म्हणालीस तर मी शिडी काढून ठेवते आणि ह्या विषयावर कधी बोलणार नाही. यूहालाही सांगणार नाही." यूहा हा तिचा लेहमोलातला सहकारी.

असली माणसं मला आवडत नाहीत. शहाणपणा स्वतः करायचा आणि निर्णय दुसऱ्याच्या पदरात टाकायचा. मी तिच्यावर चिडले, कर्णिकसरांवर चिडले, देवावर तर फारच चिडले. पाणंद रिकामी होत चालली होती. घंटा लांब गेल्या होत्या. काकी मात्र टोपली कमरेवर घेऊन थांबली होती. आम्हाला मागे ठेवून ती जाणार नव्हती आणि "चला" असंही म्हणत नव्हती.

"काढ," मी म्हटलं.

शिडी धरली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते रागाचं होतं. काकीने ते बघितलं आणि दुसरीकडे मान वळवली.

सड्यावर चुडतांच्या झोपड्यांचं दुसरंच गाव उभं राहिलं होतं. तीन दगडांच्या चुली, चुलींवर पेज, पोरांचा धिंगाणा. एरवी एकमेकांच्या आवाठात, म्हणजे वाडीत, पाऊल न टाकणारी माणसं एका ओळीत जेवायला बसली. समोर ओढ्यापलीकडे आपलं गाव काळोखात जाताना दिसत होतं. एक दिवा नाही. माडांवरून धुकं उतरलं आणि गाव हळूहळू पुसलं गेलं. पोरंसुद्धा त्या बाजूला बघताना आवाज बारीक करत होती.

हेल्मीने सड्यावरून यूहाला फोन करून सांगितलं की इकडची यंत्रं बंद आहेत. तो म्हणाला, "समजलो," आणि फोन ठेवला.

"चिडला का?" मी विचारलं.

"फिनलंडमध्ये ते कळत नाही," हेल्मी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लोकांनी तिला घेरलं; दोन्हीकडचं बोलणं मी सांगत होते. लेहमोला त्यांना परकं नव्हतं. दर महिन्याला आम्ही शाळेत बसून तिकडचे आवाज ऐकवायचो, आणि यूहा तिकडे चिरेवळचे. इथल्या बायकांना तिथल्या टाउनो नावाच्या म्हाताऱ्याचा खोकला ओळखू यायचा. तिथे म्हणे सत्याकाकी म्हशीवर ओरडायला लागली की लोक हसायचे.

"टाउनोक आता बरा हा?" काकीने विचारलं.

"खोकतो अजून," हेल्मीने सांगितलं. "ह्या दिवसांत आमच्याकडे सूर्य नीट उगवतच नाही. दुपारी जरासा उजेड येतो, निळा. बर्फ गुडघाभर."

"आनी माणसां काय करतत?"

"घरात बसतात. शेगडीजवळ."

"बरोबर हा," भाऊ म्हणाले. "असल्या वक्ताक घर सोडूचा नसता."

ते दिवस कसे गेले, मला नीट सांगता येणार नाही. कातळावर पडून राहायचं, ढग बघायचे, कोणीतरी वाढेल ते खायचं. करार गेला हे मला ठाऊक होतं, आणि तरीही तिथे छान झोप लागायची. जाग आली की आपण कुठे आहोत ते चटकन कळायचं नाही, आणि कळून घ्यायची घाईही नसायची.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरत असताना यूहाचा फोन आला. हेल्मी तिच्या भाषेत बोलत होती. बोलता बोलता ती दगडावर बसली.

"काय म्हणतो? समिती?"

"त्याने लेहमोलातली यंत्रंही काढली. आपण काढली त्याच संध्याकाळी."

"का?"

"म्हणाला, एका बाजूचे तीन दिवस कोरे असताना दुसऱ्या बाजूचे भरून काय करायचे? तुलना व्हायला दोन्हीकडचं सारखं हवं." ती थांबली. "एवढंच असतं तर ठीक होतं. यंत्र का काढतोस, असं गावकऱ्यांनी विचारलं. त्याने सांगितलं. टाउनोने विचारलं, ते सगळे बाहेर आहेत? म्हातारेही? यूहा हो म्हणाला. तर टाउनोने कुत्रा घेतला, तळं गोठलंय त्यावरून चालत पलीकडे गेला, आणि उन्हाळ्यात राहायच्या लाकडी खोपटात जाऊन बसला. लोक आधी हसले. काल सकाळपासून एकेक घर गेलं. आता लेहमोलात कोणी नाही."

मी उठले आणि सगळ्यांना हे मराठीत सांगितलं.

"त्या बर्फात?" काकीने कपाळाला हात लावला. "येडे की काय! टाउनोचो खोकलो वाढात!"

भाऊंनी विचारलं, "त्यांच्या देवान कौल दिल्यान?"

"नाही भाऊ. तसा देव नाही त्यांच्याकडे. ते म्हणाले, चिरेवळची माणसं उघड्यावर असताना आपण घरात कसे बसणार?"

एक गाय घंटा वाजवत फिरत राहिली. भाऊंनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. मग ते म्हणाले, "भायर पडले ते त्यांच्या मनान. पन आता त्यांका घराक परत कोण बोलवतलो?"

हेल्मीला मी प्रश्न सांगितला. तिने माझ्याकडे बघितलं, मी भाऊंकडे.

"फोन करून सांगा त्यांका," भाऊ म्हणाले, "सकाळपर्यंत ऱ्हवा. कौल लावतंय."

पुढचं आधीच सांगून टाकते. समितीने आमचं वर्ष खंडित म्हणून परत पाठवलं. करार झाला नाही. काकीची तीन पिल्लं जगली, बाकीची अंडी गेली. जूनमध्ये मला पत्र आलं ते पुन्हा वर्षाचंच, कर्णिकसर माझ्याशी बरेच दिवस तुटक बोलत होते. पण त्या उन्हाळ्यात लेहमोलाची पाच माणसं स्वतःच्या खर्चाने चिरेवळला येऊन राहिली, पुढच्या वर्षी इकडची तिकडे गेली, विद्यार्थी त्यांच्या मागून गेले, आणि विद्यापीठांना सह्या कराव्या लागल्या. त्याला आता पंधराहून जास्त वर्षं झाली. मी त्याच केंद्रातून पुढल्या वर्षी निवृत्त होईन. असे करार फोटो काढून झाले की मरतात, तुमचा कसा टिकला, असं लोक विचारतात. मी त्यांना चौथ्या दिवसाची पहाट सांगते.

सड्याच्या कडेला, वेशीवरच्या देवाच्या पाषाणापाशी सारा गाव उभा होता. ढोरं, खाट, पोती, टोपल्या, सगळं बांधून तयार. धुक्यात माणसांचे चेहरे येत-जात होते. भाऊंनी पाषाणाला पाणी घातलं, ओल्या पाकळ्या उजवीडावीकडे चिकटवल्या, आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां तुझ्या शबदान भायर पडली. तीन राती उगड्यार काडली. आता त्यांका घराक जावक रजा दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

उजवी पाकळी लगेच पडली, म्हणजे रजा मिळाली. पोरं धावणार, तेवढ्यात भाऊंनी हात आडवा केला.

"थांबा. आनी एक गाव भायर हा."

त्यांनी पुन्हा पाणी घातलं, पुन्हा पाकळ्या लावल्या.

"बा देवा म्हाराजा! तळ्यापलीकडे बरफात एक गाव बसलो हा. त्यांका तू बोलवक नाय होतस. ती आमच्या पायी भायर पडली. त्यांचो देव कोण, तां माका म्हायत नाय. तुमी दोगांनी आपसात काय तां बगून घेवा, पन त्यांका घराक जावक रजा दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पाकळी पडेना. धुकं पांढरं व्हायला लागलं. गाई घराच्या ओढीने दावी ताणत होत्या, खाटेवरच्या आजीला खोकला आला, एक पोर रडायला लागलं. समोर गाव, वेस मोकळी, गावाला रजा मिळालेली. एकही माणूस पुढे सरकला नाही. हेल्मी माझा दंड घट्ट धरून उभी होती. तिला काय चाललंय ते मी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. दुसऱ्या हातात तिचा फोन चालू होता आणि पलीकडे, कुठल्याशा खोपटात, यूहाच्या भोवती सगळं लेहमोला जागं होतं.

"व्हय म्हाराजा," काकी एकटीच पुटपुटली. मग पुन्हा, जरा दटावून, "व्हय म्हाराजा!"

उजवी पाकळी सुटली, पाण्याबरोबर ओघळली आणि खाली आली.

"सांग त्यांका," भाऊ म्हणाले. "घराक जावा."

हेल्मीने तिच्या भाषेत एकच वाक्य सांगितलं. फोनमधून गलका ऐकू आला, मग दार उघडल्याचा आवाज, मग काहीच नाही.

भाऊंनी वाट बघितली. "निघाले?"

हेल्मी फोन कानाला दाबून ऐकत होती. बराच वेळ ऐकत होती. मग तिने मान वर केली.

"निघाले," ती मराठीत म्हणाली.

त्यानंतर चिरेवळच्या पहिल्या माणसाने वेस ओलांडली.